आयुधनिर्माणीतील जखमी कामगार : नोंद, उपचार आणि भरपाईचा इतिहास

संरक्षण खात्याच्या पगारपत्रकावर नाव असलेला प्रत्येक जण सैनिक नसतो. काडतुसात दारू भरणारा, गोळ्याला फ्यूज जोडणारा, नौदल गोदीत बॉयलरच्या नळ्यांवर आवरण चढवणारा, दारूगोळ्याच्या कोठाराला आग लागली की बंब घेऊन धावणारा, हे सारे नागरी कर्मचारी. काम लष्कराचे, धोकाही पुष्कळदा लष्कराच्याच तोडीचा, पण सेवाशर्ती नागरी. जखमी जवानासाठी लष्कराचे स्वतंत्र निवृत्तिवेतन नियम होते. नागरी कामगाराचा हात यंत्रात गेला, किंवा वर्षानुवर्षे स्फोटक द्रव्ये हाताळून त्याचे यकृत निकामी झाले, तर जबाबदारी कोणी आणि किती घ्यायची, याची व्यवस्था भारतातल्या आयुधनिर्माणींत तुकड्यातुकड्यांनी उभी राहिली. अपघाताची दखल घ्यायला ती बऱ्यापैकी लवकर शिकली. आजाराच्या बाबतीत मात्र ती सुरुवातीपासून मागे राहिली आणि आजही मागेच आहे.

आयुधनिर्माणींचा आरंभ बंगालचा. ईशापूर येथे १७८७ मध्ये बंदुकीच्या दारूचा कारखाना निघाला. कोलकात्याजवळ काशीपूरला १८०१ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना सुरू झाला आणि १८ मार्च १८०२ पासून तेथे उत्पादन होऊ लागले. म्हणूनच १८ मार्च हा आयुधनिर्माणी दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्रातील सर्वांत जुनी निर्माणी खडकीची. दारूगोळ्याचा हा कारखाना १८६९ मध्ये उभा राहिला आणि पुण्याच्या परिसरातील कित्येक कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या त्याच्या भोंग्यावर जगल्या.

त्या काळात कामावर मेलेल्या माणसाच्या वारसांना एकच कायदेशीर वाट होती, ती म्हणजे १८५५ चा प्राणघातक अपघात कायदा. त्याखाली दिवाणी दावा लावायचा आणि मालकाचा निष्काळजीपणा साक्षीपुराव्याने शाबीत करायचा. जखमी होऊन जगलेल्याला या कायद्याचा उपयोग नव्हता. सोबत काम करणाऱ्याच्या चुकीने अपघात झाला, असे म्हणून मालक हात झटकू शकत असे. मालक खुद्द सरकार असताना स्फोटात दगावलेल्या मजुराच्या विधवेने कोर्टाची पायरी चढावी, ही अपेक्षाच अवास्तव होती. मिळे ती मदत साहेबाच्या मर्जीने मिळे.

हे चित्र १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने बदलले. १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. कामाच्या ओघात आणि कामामुळे अपघात झाला असेल तर चूक कोणाची हे न पाहता मालकाने भरपाई द्यायची, हे त्याचे मूळ सूत्र. कायद्यातील कामगाराच्या व्याख्येतून सशस्त्र दलांचे सदस्य वगळले गेले, पण लष्करी कारखान्यातला नागरी कामगार त्यात राहिला. जवान लष्करी नियमांकडे आणि कारखान्याचा कामगार या कायद्याखालच्या भरपाई आयुक्ताकडे, ही विभागणी तेव्हापासूनची. कचेरीतल्या कर्मचाऱ्यांसाठी पुढे १९३९ चे असाधारण निवृत्तिवेतन नियम आले, आणि भरपाई कायद्याखाली येणारा कामगार त्यांतून मुळातच वगळलेला होता. त्यामुळे एकाच आवारात, एकाच स्फोटात जखमी झालेल्या कारकुनाची आणि कामगाराची फाइल दोन वेगळ्या वाटांनी जाऊ लागली.

मद्यपान करून काम केले, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला किंवा यंत्राचे संरक्षक कवच मुद्दाम काढले, तर भरपाई नाकारण्याची मुभा कायद्याने मालकाला दिली. मृत्यू झाला असेल तर मात्र ही सबब चालत नाही. १९९५ च्या दुरुस्तीनंतर कायमच्या संपूर्ण अपंगत्वालाही ती लागू नाही. आरंभी काही दिवसांची गैरहजेरी भरपाईविना जाई. हा काळ घटत घटत तीन दिवसांवर आला, आणि अपंगत्व २८ दिवस किंवा त्याहून अधिक टिकले तर पहिल्या दिवसापासून पैसे मिळू लागले. १९२९ मध्ये नेमलेल्या कामगारविषयक व्हिटली आयोगाने कायद्याची कक्षा वाढवण्याची शिफारस केली. कामगार चळवळीतले ना. म. जोशी या आयोगाचे सदस्य होते.

दुसऱ्या महायुद्धाने निर्माणींचा पसारा अचानक वाढवला. खडकीतच १९४० मध्ये उच्च स्फोटकांचा स्वतंत्र कारखाना सुरू झाला. आता नवा प्रश्न आला. शत्रूच्या बॉम्बहल्ल्यात कामगार जखमी झाला तर तो कामावरचा अपघात म्हणायचा की युद्धाची आपत्ती? व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्या वेळी मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. युद्धजन्य इजांच्या भरपाईसाठी मालकांना विमा सक्तीचा करणारे विधेयक १९४३ मध्ये त्यांनीच कायदेमंडळात मांडले. चीनच्या आक्रमणानंतर १९६२ आणि १९६३ मध्ये संसदेने याच धर्तीवर दोन कायदे केले.

स्वातंत्र्यानंतर दोन कायद्यांनी निर्माणींच्या अंतर्गत व्यवस्थेला आकार दिला. १९४८ चा कारखाने कायदा १ एप्रिल १९४९ पासून लागू झाला. दीडशे कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी, पाचशेहून अधिक कामगार असतील तर सुसज्ज रुग्णवाहिका कक्ष, ४८ तास किंवा अधिक काळ काम बंद ठेवणाऱ्या प्रत्येक इजेची लेखी खबर, ही बंधने त्यातून आली. दुसरा कायदाही १९४८ चाच, कामगार राज्य विम्याचा. सरकारी कारखान्यात तितक्याच किंवा अधिक चांगल्या सोयी मिळत असतील तर तो कारखाना विम्याच्या कक्षेबाहेर राही. आयुधनिर्माणी अशाच बाहेर राहिल्या. त्यांची स्वतःची रुग्णालये, स्वतःचे डॉक्टर, स्वतःची वसाहत. याचा लाभ उघड आहे. भाजलेला माणूस काही मिनिटांत अशा डॉक्टरपुढे पोचतो, ज्याला त्या इमारतीत काय बनते ते ठाऊक असते. तोटा तितका चटकन दिसत नाही. इजा किती टक्के, आजार कामामुळे की अन्य कारणाने, हे पहिल्यांदा लिहिणारा डॉक्टरही मालकाच्याच पगारावर असतो.

भुसावळ आणि अंबरनाथ येथील निर्माणी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत आल्या. साठच्या दशकात वरणगाव, भंडारा, चांदा आणि अंबाझरी येथे नवे कारखाने उभे राहिले. पुढे देहूरोडची भर पडली. देशातल्या ४१ निर्माणींपैकी दहा महाराष्ट्रात आल्या आणि जखमी कामगाराचे प्रकरण हाताळणे हा पुणे, नागपूर, भंडारा, जळगाव या जिल्ह्यांतल्या निर्माणी-वसाहतींच्या रोजच्या व्यवहाराचा भाग झाला.

अपघात घडण्याआधीची शिस्त सर्वांत कडक दिसते ती 'डेंजर बिल्डिंग'मध्ये. स्फोटके भरण्याची ही इमारत एकटी असते, भोवती मातीचे उंच बांध. एकीतला स्फोट दुसरीपर्यंत पोचू नये, ही त्यामागची योजना. दारावरच्या फलकावर आत एका वेळी किती माणसे आणि किती स्फोटक असावे, याचे आकडे रंगवलेले असतात. कामगार आधी 'शिफ्टिंग हाऊस'मध्ये जातो. घरचे कपडे, चपला, काडेपेटी, किल्ल्या तिथेच ठेवून कारखान्याचे सुती कपडे आणि विशिष्ट बूट घालतो, अंगावरची स्थिर वीज जमिनीत उतरवतो आणि मग आत पाऊल टाकतो. इथे काम करणाऱ्यांची 'डेंजर बिल्डिंग वर्कर' अशी वेगळी श्रेणीच आहे. आत जाणाऱ्यांची संख्या मर्यादित ठेवण्यात एक कठोर हिशेब आहे. स्फोट झालाच तर किती माणसे गमवावी लागतील, हे आधी ठरवलेले असते.

अपघात झाल्यावर सुरू होतो कागदांचा प्रवास. सेक्शनचा चार्जमन जखमीला रुग्णवाहिका कक्षात किंवा रुग्णालयात पाठवतो. वेळ, जागा, यंत्र, चालू असलेले काम आणि जवळ असलेल्यांची नावे लिहून अपघाताची खबर देतो. सुरक्षा अधिकारी जागेची पाहणी करतो, साक्षीदारांचे जबाब होतात, गंभीर प्रसंगी चौकशी मंडळ बसते. १९२३ च्या कायद्याप्रमाणे मृत्यू किंवा गंभीर इजा असेल तर सात दिवसांत भरपाई आयुक्ताला कळवावे लागे. मालकाला जखमीची मोफत वैद्यकीय तपासणी करून घेता येते. मृत्यूची भरपाई वारसाच्या हाती परस्पर देता येत नसे, ती आयुक्ताकडेच जमा करावी लागे. नातेवाइकांतल्या भांडणात किंवा सावकाराच्या हाती ती जाऊ नये, म्हणून ही तरतूद. 'मला काही नको' असे कामगाराकडून लिहून घेतले तरी ते कायद्याने रद्दबातल ठरते. रक्कम देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि विलंबाला सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड.

या साऱ्या साखळीत पहिल्या दिवशीचा कागद सर्वांत मोलाचा. किरकोळ खरचटले म्हणून मलम लावून माणूस परत कामावर गेला, खबर लिहिली गेली नाही, आणि तीन आठवड्यांनी जखम चिघळून बोट कापावे लागले, तर ते बोट कारखान्यात गेले की घरी, हा वाद उभा राहतो. उत्पादनाचे उद्दिष्ट गाठायचे असलेल्या सेक्शनला अपघाताची नोंद नको असते. पीसवर्कवरच्या, म्हणजे नगावर मजुरी मिळणाऱ्या, कामगारालाही कमाई बुडवून दवाखान्यात बसायचे नसते. दोघांचे मौन जुळते आणि त्याची किंमत पुढे एकट्या कामगाराला मोजावी लागते.

भरपाईचे गणित कायद्याच्या परिशिष्टांत आहे. तर्जनी मुळापासून गेली तर कमाईची क्षमता १४ टक्के घटली असे धरतात. अंगठा गेला तर ३० टक्के, दुसरा डोळा शाबूत असताना एक डोळा गेला तर ४० टक्के. कायमच्या संपूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या ६० टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. ४० व्या वर्षी हा गुणक १८४.१७ आहे. ३ जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी वेतनाची मर्यादा १५,००० रुपये झाली. त्यानुसार चाळिशीच्या कामगाराची तर्जनी गेली तर ९,००० गुणिले १८४.१७, आणि येणाऱ्या १६,५७,५३० रुपयांचे १४ टक्के, म्हणजे सुमारे २ लाख ३२ हजार रुपये. त्याचा प्रत्यक्ष पगार १५,००० हून कितीही जास्त असो, आकडा हाच.

हे कोष्टक सोपे आहे, पण ते धंदा पाहत नाही. कारकुनाची तर्जनी आणि फ्यूज जोडणाऱ्या कारागिराची तर्जनी त्याच्या लेखी सारखीच. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये प्रतापनारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या प्रकरणात हा पेच सोडवला. डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेला सुतार यापुढे सुतारकाम करूच शकत नाही, म्हणून त्याचे अपंगत्व संपूर्ण मानले गेले. भरपाईची जबाबदारी अपघाताच्या दिवशीच सुरू होते, हेही त्याच निकालात ठरले.

सरकारी नोकर या नात्याने निर्माणीतल्या कर्मचाऱ्याला भरपाईशिवाय आणखी एक आधार असतो, तो रजेचा. १९७२ च्या रजा नियमांत विशेष अपंगत्व रजा २४ महिन्यांपर्यंत मिळू शकत होती, पहिले १२० दिवस पूर्ण आणि नंतर अर्ध्या वेतनाने. धोकादायक यंत्रे किंवा स्फोटके हाताळणाऱ्यांसाठी रुग्णालय रजा वेगळी. सातव्या वेतन आयोगानंतर या रजा एकत्र झाल्या आणि जुलै २०१७ पासून कामामुळे झालेल्या इजेची व आजाराची एकच रजा आली. रुग्णालयात असेपर्यंत पूर्ण वेतन, त्यानंतर सहा महिने पूर्ण आणि पुढील बारा महिने अर्धे वेतन. रजेच्या नावात आजाराला इजेच्या बरोबरीची जागा मिळाली, ही लहान पण बोलकी सुधारणा. जुन्या नियमांत अपंगत्व घटनेपासून तीन महिन्यांत प्रकट व्हावे, अशी अट होती आणि ती शिथिल करणे अधिकाऱ्याच्या अखत्यारीत होते. यंत्रात सापडलेल्या हाताला ही अट जाचक नाही. शरीरात थेंबाथेंबाने साठणाऱ्या विषाला ती लावणे म्हणजे दार बंद करणेच.

आयुधनिर्माणीतले आजार तर नेमके याच जातीचे. टीएनटी हे स्फोटक त्वचेवाटे आणि श्वासावाटे शरीरात जाते, यकृताला इजा करते, कावीळ होते, रक्तपेशी घटतात, डोळ्यांत मोतीबिंदू होतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये हे काम करणाऱ्या बायकांची कातडी पिवळी पडल्याने त्यांना पिवळ्या कॅनरी पक्ष्याचे नाव पडले होते. नायट्रोग्लिसरीन हाताळणाऱ्या नवख्याचे डोके असह्य दुखते, काही दिवसांत शरीर सरावते आणि दुखणे थांबते. सुट्टीत संपर्क तुटला की उलटा परिणाम होऊन छातीत कळ येते. अशा कामगारांचे सोमवारी सकाळी झालेले आकस्मिक मृत्यू वैद्यकशास्त्रात नोंदलेले आहेत. काडतुसांच्या आणि प्राथमिक स्फोटकांच्या विभागात शिसे, चाचणी मैदानावर कानाचे पडदे, नौदल गोदीत जहाजाच्या जुन्या आवरणांतले ॲस्बेस्टॉस, अशी ही यादी वाढते.

भरपाई कायद्याने व्यवसायजन्य आजारांसाठी वेगळे परिशिष्ट केले. त्यात सुरुवातीला मोजक्या विषबाधा होत्या, पुढे ते वाढत गेले. आज त्याचे तीन भाग आहेत. शिशाची विषबाधा पहिल्या भागात येते. बेंझीन आणि त्याच्या कुळातील नायट्रो संयुगांची विषबाधा दुसऱ्या भागात आहे, टीएनटी याच गटातले. आवाजाने आलेला बहिरेपणा आणि ॲस्बेस्टॉसमुळे होणारा कर्करोगही इथेच. या भागातल्या आजारासाठी त्या कामावर सलग सहा महिने सेवा झालेली असावी लागते. फुफ्फुसात धूळ साठून होणारे विकार तिसऱ्या भागात. यादीत नाव असले की आजार कामामुळेच झाला असे गृहीत धरले जाते, हा मोठा दिलासा. पण निदान कोणी करायचे? साधी कावीळ आणि टीएनटीची कावीळ वरवर सारखीच दिसते. कामाचा इतिहास विचारला नाही तर डॉक्टर पहिलीच लिहितो.

भोपाळच्या वायुकांडानंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण आले. अशा कामावर नेमण्याआधी वैद्यकीय तपासणी, पुढे बारा महिन्यांच्या आत पुन्हा तपासणी, प्रत्येकाची आरोग्यनोंद आणि ती पाहण्याचा कामगाराचा हक्क, हे त्यातून बंधनकारक झाले. सुरक्षा समितीत कामगारांचे प्रतिनिधी बसू लागले. ॲस्बेस्टॉसबाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोपर्यंत जपावी, असा आदेश दिला.

संघटनांचा वाटा या इतिहासात मोठा आहे. खडकीत मुख्यालय असलेल्या अखिल भारतीय संरक्षण कर्मचारी महासंघाला एस. एम. जोशी यांचे नेतृत्व लाभले. १९६० च्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपात संरक्षण कामगार आघाडीवर होते, आणि १९६६ पासून सरकारशी बोलणी करायला संयुक्त सल्लागार यंत्रणेचे व्यासपीठ मिळाले. संघटनांचे बरेच बळ अर्थात पगार, बढत्या आणि बोनस यांवर खर्च झाले. दगावलेल्या कामगाराच्या वारसाला अनुकंपा नोकरी मिळवून देण्यात त्या तत्पर राहिल्या, पण बहिऱ्या झालेल्या कामगाराचा श्रवणआलेख हा मागणीपत्रातला विषय क्वचितच झाला.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. दारूगोळ्याच्या निर्माणी पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेल्या, यंत्र इंडियाचे मुख्यालय नागपूरला आले. जुने कर्मचारी केंद्र सरकारचेच राहून कंपन्यांकडे मानीव प्रतिनियुक्तीवर गेले. धोक्याच्या कामांवर मात्र कंत्राटी माणसे वाढत होती. पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारातील ३१ मे २०१६ च्या आगीत बळी गेलेल्यांत बहुसंख्य अग्निशामक होते. त्याच पुलगावजवळ २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुनी स्फोटके नष्ट करताना स्फोट झाला, तेव्हा मृतांत कंत्राटी मजूर होते. कायद्याप्रमाणे कंत्राटी कामगाराची भरपाई मूळ मालकानेच आधी द्यायची आणि मग ती कंत्राटदाराकडून वसूल करायची. आयुधनिर्माणीचे रुग्णालय, रजा आणि आरोग्यनोंद यांची सावली मात्र या मजुरावर पडत नाही. भंडाऱ्याच्या निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात आठ कामगार दगावल्याचे त्याच दिवशी जाहीर झाले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९२३ चा कायदा तिच्यात विलीन झाला. घर ते कारखाना या वाटेवरचा अपघात कामाशी संबंध दाखवता आला तर कामावरचा मानला जाईल, ही तिच्यातली ठळक भर. आजाराच्या बाबतीत १९२३ च्या कायद्यातली मुदतीची चौकट मुळातच अपुरी होती. दावा दोन वर्षांत करायचा, आणि नोकरी संपल्यावर लक्षणे दिसली तर ती दोन वर्षांच्या आत दिसायला हवीत, अशी ती चौकट होती. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा कर्करोग प्रकट व्हायला वीस ते चाळीस वर्षे लागतात. म्हणून निर्माणीतून किंवा गोदीतून निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाने आपल्या वार्षिक तपासण्यांच्या आणि कोणत्या सेक्शनमध्ये किती वर्षे काम केले याच्या प्रमाणित प्रती निरोपसमारंभाआधीच मागून घ्याव्यात.